तळ्याला फेरी घाला, तळ्यावर पाय नको

डोंगरवाटा : वाचकांचे प्रश्न

जुलैत माझ्याकडं येणारी पत्रं पन्हाळा–पावनखिंडीची असतात. मसाई पठारावर धुकं किती, बूट कुठले, चिखलात चप्पल टिकते का. डिसेंबर लागला की सगळ्यांना एकदम बर्फ हवा असतो. या महिन्यात तर बहुतेक पत्रांत बर्फ आणि तळं दोन्ही आहेत, म्हणून त्यातलीच निवडून घेतली.

प्रश्न : रंकाळ्यावर आमचा सकाळचा कट्टा आहे. बारा जण, वय ४५ ते ६३, त्यात चार जोडपी. रोज पहाटे फेरी, मग पदपथ उद्यानात व्यायाम. जानेवारीत उत्तराखंडात सारी गावातून देवरियातालला जायचं ठरलंय. ताजा बर्फ पडलेला असताना तळ्याला पूर्ण फेरी मारायची सगळ्यांची इच्छा आहे. आमच्यातले एक जण म्हणतात, "रंकाळ्याच्या मानानं ते डबकं, अर्ध्या तासात उरकू." खरंच एवढं सोपं आहे का? — रंकाळा कट्टा, कोल्हापूर

त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा आणि बर्फात सगळ्यांत पुढं चालायचा मान त्यांनाच द्या. दहा मिनिटांनी पुन्हा मत विचारा.

तळं लहान आहे, तेवढं त्यांचं बरोबर. सारी गाव साधारण २,००० मीटरवर आणि तळं २,४०० मीटरच्या आसपास. मधे तीनेक किलोमीटरची चढाची वाट. कोरड्या दिवसांत तुमचा कट्टा ती दोन तासांत आरामात चढेल. ताजा बर्फ असेल तर त्याच वाटेला दुप्पट वेळ धरा, आणि गुडघाभर असेल तर वेळेचा हिशेब गावातल्या वाटाड्यावर सोडा.

ताज्या बर्फात बहुतेक हवाच असते. दहा सेंटिमीटर भुसभुशीत थर वितळवला तर जेमतेम एक सेंटिमीटर पाणी निघतं. असा थर माणसाचं वजन पेलत नाही. पाऊल टेकलं की वरचा पापुद्रा क्षणभर धरतो, तुम्ही विश्वासानं वजन टाकता आणि पाय नडगीपर्यंत आत. मग तो सरळ वर उपसायचा, पुढं टाकायचा, की पुन्हा तेच. रोप लावणीच्या चिखलात चाललेल्याला हे सांगावं लागत नाही. रंकाळ्याच्या फरशीवर चालणाऱ्याला मांड्या भरून आल्यावर कळतं. त्यात खाली काय आहे ते दिसत नाही. तिथं बांजाचं, म्हणजे हिमालयातल्या ओकचं जंगल आहे, त्याची मुळं, दोन दगडांमधली फट, वाटेची तुटलेली कड, सगळं एकाच पांढऱ्या रंगाखाली. घोटा मुरगळतो तो अशाच जागी. बुटाच्या वरून आत गेलेला बर्फ वितळतो, मोजे ओले होतात आणि बोटं बधिर व्हायला लागतात. म्हणून नडगीला गेटर, म्हणजे बुटाच्या तोंडावरून वर चढणारं आवरण, बांधायचे. भाड्यानंही मिळतात.

आता गटाचं. एका रांगेत चालायचं, पुढच्याच्या पावलात पाऊल टाकून. पुढचा माणूस वाट फोडतो, सगळी दमछाक त्याची. तिसऱ्या-चौथ्यापासून पुढं तयार पायऱ्या मिळतात. पाच मिनिटं झाली की पुढच्यानं बाजूला व्हायचं, सगळ्यांना जाऊ द्यायचं आणि स्वतः शेपटाला लागायचं. हे बाजूला होणं आपल्या कोल्हापूरकरांना फार जड जातं. "मी काय दमलोय व्हय?" दमल्यावर नाही हो, दमायच्या आधी बाजूला व्हायचं. कारण दमलात म्हणजे घाम आला, आतला कपडा भिजला, आणि थांबल्यावर तीच ओल अंगातली ऊब शोषून घेते. गप्पा मारत चालता येईल तेवढाच वेग. पुढच्या उंच माणसानं ढांगा टाकू नयेत. मागून पाच फुटी वहिनी येतायत, त्यांना त्या खड्ड्यापर्यंत पाय पोचवायचाय.

पावनखिंडीच्या मोहिमेत शेकड्यानं लोक असतात, मागं राहिलेला रात्री मुक्कामाला येऊन मिळतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. ती सवय घरी ठेवून जा. बर्फात पुढचे वाट बघत उभे राहिले की काकडतात, मागचा त्यांना गाठायला धावला की घामानं भिजतो, म्हणजे दोघंही बिघडले. वरून बर्फ पडत असेल किंवा वारा सुटला तर पाऊलखुणा बघता बघता बुजतात. मागच्याला "सरळ आमच्या पावलावरनं ये" म्हणायची सोय राहत नाही. तेव्हा वेग सगळ्यांत हळू चालणाऱ्याचा, आणि शेवटी एक जाणता माणूस, जो कुणाच्याही पुढं जाणार नाही. मी जन्मभर शाळेत खेळाची बाई होते, मोजणी करून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. प्रत्येकाला नंबर द्या आणि थांबाल तिथं एक ते बारा मोठ्यानं म्हणा. साठीच्या माणसांना लाज वाटते पहिल्यांदा, मग मजा यायला लागते. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात हवी, पिशवीत नको. एक फुंक म्हणजे थांबा, तीन म्हणजे मदत, हे सारीतच ठरवून घ्या.

फेरीची खरी अडचण वेगळीच आहे. ताज्या बर्फात काठ कुठं संपतो आणि तळं कुठं सुरू होतं हे कळत नाही. जानेवारीत तळं कधी पूर्ण गोठतं, कधी नुसतं काठाकाठानं, आणि त्याच्यावर बर्फ पडला की सगळं एकसारखं. चालायला सगळ्यांत सोपी, सपाट, बिनदगडांची दिसणारी जागा म्हणजे तळं असतं! पाय आपोआप तिकडं ओढले जातात. म्हणून झाडांच्या अंगानं चाला, पुढच्यानं काठी खुपसून जमीन लागते का ते बघत जावं, आणि फेरीला सारीचा वाटाडी पुढं ठेवा. त्यानं ते तळं उन्हाळ्यात पाहिलेलं असतं, तुम्ही नाही. तिथले लोक सांगतात की यक्षानं पांडवांना प्रश्न विचारले ते याच तळ्यापाशी. उत्तर न देता पाण्याकडं गेलेल्या चौघांचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

सकाळी लवकर निघा. जानेवारीत तिकडं सूर्य कोल्हापूरपेक्षा साधारण पाऊण तास आधी मावळतो, जंगलात अंधार त्याहून लवकर पडतो, आणि उतरताना दुपारी वितळलेला बर्फ संध्याकाळी गोठून घसरडा झालेला असतो. परतीची वेळ आधीच ठरवा, आणि फेरी निम्मी राहिली असली तरी त्या वेळेला वळा. सकाळचं आणखी एक कारण चौखंबा. ७,१३८ मीटरचं हे शिखर तळ्यावरून समोर दिसतं, आणि दुपारनंतर ढगात गेलं तर गेलं. तळ्याच्या पुढं रोहिणी बुग्यालवरून (बुग्याल म्हणजे डोंगरावरचं गवताळ कुरण) चोपता, तुंगनाथ करायचा मोह होईल. ताजा बर्फ पडल्यावर एक-दोन दिवस तो नको. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि मोठ्या हिमवृष्टीनंतरच्या याच दिवसांत जास्त.

वयाचं म्हणाल तर ६३ हे काही फार नाही. पण थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, त्यात बर्फ तुडवायचं कष्ट. पन्नाशीपुढच्या प्रत्येकानं निघण्याआधी डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्यावं. मधुमेह असलेल्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. पायाला मुंग्या येत असतील किंवा संवेदना कमी असेल तर हिमदंश झालेला कळतही नाही, त्यामुळं दर थांब्याला दुसऱ्यानं विचारायचं आणि बोटं हलवून बघायची. आणि इन्सुलिन सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवू नका. एकदा गोठलं की ते वाया गेलं, पुन्हा वितळवून चालत नाही. आतल्या कपड्याच्या खिशात, अंगालगत.

एवढं सगळं वाचून जाऊ नका असं म्हणतेय असं समजू नका. जरूर जा. आणि बर्फ मिळेलच अशी हमी मात्र कुणाकडून घेऊ नका. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात त्या आठवड्यात आले तर बर्फ, नाहीतर कोरडी थंडी. "हमखास बर्फ" असं छापणाऱ्याला मी पैसे देत नाही.

प्रश्न : बाई, आम्ही एका तालमीतली आठ पोरं उत्तराखंडातल्या ब्रह्मताल तळ्याला चाललोय. तळं गोठलं असेल तर त्यावर चालायचं, शड्डू ठोकायचा, जोर मारायचे आणि रील करायची असा बेत आहे. घरचे नको म्हणतात. पण लडाखमध्ये पँगाँगवर तर लोक पळाले, मग आम्हाला काय होतंय? — शिवाजी पेठ

पँगाँगवर पळाले, खरं आहे. फेब्रुवारी २०२३, २१ किलोमीटर, गिनीज बुकात नोंद. पण ते तळं ४,२०० मीटरच्या वर, तिथली थंडी अशी की खारं पाणी असूनही गोठतं. मार्ग आधी तपासलेला, कुठून पळायचं ते ठरलेलं, वाटेवर मदतीची माणसं. तुमच्याकडं यातलं काय आहे? मोबाईल.

माणूस एकटा पायी जायला नव्या, स्वच्छ, काचेसारख्या बर्फाचा थर निदान १० सेंटिमीटर लागतो. पांढरट, बुडबुड्यांचा असेल तर त्याच्या साधारण दुप्पट. आठ पैलवान एका जागी जोर मारणार असतील तर मला विचारूच नका. आणि तुम्ही जाल तेव्हा ताजा बर्फ वर पडलेला असेल, म्हणजे खालचा थर कसा आहे हे दिसणारच नाही. लोकांना वाटतं वर जास्त बर्फ म्हणजे तळं जास्त पक्कं. उलटं आहे. भुसभुशीत थर वरची थंडी खाली पोचू देत नाही, त्यामुळं गोठण्याचं काम मंदावतं. शिवाय त्याचं वजन कडक थरावर पडतं आणि तडे जातात.

पाण्याची एक गंमत शाळेत शिकलात ती आठवा. पाणी सगळ्यांत जड असतं ४ अंशांना. म्हणून गोठायला लागलेल्या तळ्यात ४ अंशांचं पाणी तळाला बसतं आणि बर्फ वर तरंगतो. खाली पाणी जिवंत असतं, वर झाकण. हे झाकण सगळीकडं सारखं जाड नसतं. ओढा येऊन मिळतो तिथं, पाणी बाहेर पडतं तिथं, उन्हानं तापणाऱ्या दगडाच्या कडेला, अर्धवट बुडालेल्या ओंडक्याभोवती ते पातळ असतं. पायाखालच्या दहा पावलांवर धरलं म्हणून अकराव्यावर धरेल असं नाही.

आणि पडलातच तर? पहिलं मिनिट श्वासाचं. गार पाण्याचा झटका बसला की माणूस धापा टाकायला लागतो, त्यात तोंड पाण्याखाली असेल तर संपलं. तोंड वर ठेवून श्वास आवरायचा, हातपाय झाडायचे नाहीत. त्यानंतर हातात साधारण दहा मिनिटं असतात. तुम्ही पोरं पकडीवर जगता ना? गोठत्या पाण्यात पहिली जाते ती बोटांची पकड. दंड कितीही भरलेला असो. त्या दहा मिनिटांत ज्या बाजूनं आलात त्याच बाजूला वळायचं, कारण तिथल्या थरानं मघाशी तुम्हाला पेललं होतं. कोपरं वर टेकवायची, पाय मागं पाण्यात मारत अंग आडवं करायचं, पोटावर सरकत बाहेर यायचं आणि उभं न राहता लोळत काठाकडं जायचं. उभा राहिलास की सगळं वजन दोन तळपायांवर, पुन्हा आत.

बाकीच्या सातांचं काम त्याहून अवघड आहे, ते म्हणजे धावत न जाणं. तालमीतली दोस्ती मला माहीत आहे. एक पडला तर तिघं उडी घेतील आणि चार माणसं पाण्यात होतील. काठावर आडवं पडून दोरी, लांब काठी, एकमेकांना गाठ मारलेली जाकिटं, जे असेल ते फेकायचं. बाहेर आला की ओले कपडे लगेच उतरवून कोरडे घाला, स्लीपिंग बॅगेत घाला, शुद्धीवर असेल तर गरम गोड काहीतरी पाजा. हातपाय चोळू नका. आपल्याकडं काहीही झालं की चोळायची पद्धत आहे, इथं ती नको. गारठलेल्या माणसाला आडवं ठेवायचं आणि हळू हाताळायचं, नाहीतर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

शड्डू काठावर ठोका. पाठीमागं त्रिशूल आणि नंदा घुंटी ही शिखरं दिसत असतील तर रील तळ्याच्या मधल्यापेक्षा काठावरनंच झकास येते. आणि हो, थंडीत मोबाईलची बॅटरी भसकन उतरते, आतल्या खिशात ठेवा. नाहीतर शड्डू ठोकाल आणि स्क्रीन काळी.

प्रश्न : थंडीत दोन घोट घेतले की ऊब येते, हे खरं का? शिवाय मटणाशिवाय आमचं चालत नाही. — राजारामपुरी

ऊब आल्यासारखी वाटते. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या सैलावतात, आतलं गरम रक्त बाहेर येतं, गाल तापतात आणि शरीराची ऊब हवेत जाते. तळ्याच्या काठावर हा व्यवहार तोट्याचा. दोन घोट कोल्हापूरला परत आल्यावर, रश्श्याबरोबर.

मटणाचं म्हणाल तर मुक्कामी मिळालं तर खा, पण चालताना पोट जड नको. खिशात गूळ-शेंगदाणे ठेवा. जानेवारीत आपली गुऱ्हाळं चालू असतात, ताजा गूळ घेऊन जा. लहान तुकडे करून न्या, थंडीत ढेप फोडायला जमत नाही. चॉकलेट दगडासारखं होतं. दर तासाला थोडं तोंडात टाकायचं, भूक लागायची वाट बघायची नाही. आणि तहान लागली म्हणून बर्फ खाऊ नका. एक ग्रॅम बर्फाचं पाणी करायला ८० कॅलरी उष्णता जाते (या जेवणाच्या पाकिटावरच्या कॅलरी नव्हेत, विज्ञानाच्या पुस्तकातल्या छोट्या), आणि ती तुमच्या पोटातूनच जाते. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, मग झाकणाकडची बाजू मोकळी राहते.

प्रश्न : मागच्या हिवाळ्यात बर्फात दिवसभर फिरून आलो. ढगाळ होतं म्हणून गॉगल घातला नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं, उजेड सहन होईना. यंदा पुन्हा जायचंय, भीती वाटते. — इचलकरंजी

याला हिमांधत्व म्हणतात. बुबुळाचा वरचा पडदा उन्हातल्या अतिनील किरणांनी भाजलेला असतो. ताजा बर्फ हे किरण ८० टक्क्यांहून जास्त परत फेकतो, म्हणजे ऊन वरूनही येतं आणि खालूनही. ढग त्याला पूर्ण अडवत नाहीत. शिवाय दर हजार मीटर चढलं की अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. त्रास लगेच होत नाही, सहा ते बारा तासांनी सुरू होतो, म्हणून दिवसभर माणूस बिनधास्त असतो आणि रात्री तंबूत रडतो.

बहुतेकांचा एक-दोन दिवसांत आपोआप बरा होतो. अंधारात राहायचं, डोळे चोळायचे नाहीत, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढायची. दृष्टी अंधुकच राहिली तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडं. या वेळी अतिनील किरण पूर्ण अडवणारा, बाजूनंही झाकलेला गॉगल घ्या. महाद्वार रोडवरचा नुसता काळ्या काचेचा स्वस्त गॉगल नको. काळ्या काचेआड बाहुली मोठी होते, आणि काच किरण अडवणारी नसेल तर उलट जास्तच आत जातात. सनस्क्रीन लावताना हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या कडेलाही लावा. खालून येणारं ऊन तिथं भाजतं आणि ही जागा सगळे विसरतात.

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची. कॉलेजातल्या मैत्रिणींबरोबर उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरावर जायचं म्हणते, एका ट्रेकिंग संस्थेतर्फे. वाटेतल्या जुडा का तालाब या तळ्यापाशी बर्फात तंबूत मुक्काम आहे. 'आपल्या कोल्हापूरची कस्तुरी सावेकर एव्हरेस्टवर गेली, मी केदारकंठाला पण नको का?' असं ऐकवते. मी काय बघून परवानगी देऊ? — एक आई, कसबा बावडा

ताई, मुलीचा मुद्दा बिनतोड आहे. कस्तुरी २०२२ साली एव्हरेस्टवर पोचली. पण त्याच्यामागं कित्येक वर्षांचा सराव होता, तो आधी मुलीला दाखवा. आणि मग पाठवा.

संस्थेला फोन तुम्ही करा, मुलीला करायला लावू नका. किती मुलांमागं किती प्रशिक्षित माणसं, ते विचारा. त्यांच्यापैकी कुणी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणचा अभ्यासक्रम केलाय का, प्रथमोपचार शिकलाय का. एखादी मुलगी आजारी पडली तर तिला घेऊन खाली कोण उतरणार, आणि मग वरच्यांबरोबर कोण राहणार. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: हवामान बिघडलं तर वळायचं कोण ठरवतं? "मुलं म्हणतील तसं" असं उत्तर आलं तर फोन ठेवा. "आमचा लीडर, आणि त्याच्यापुढं कुणाचं चालत नाही" हे उत्तर मला आवडतं. घाईनं, गोड बोलून पैसे आगाऊ मागणाऱ्याकडं मी स्वतः कधी गेले नाही.

मुलीला दोन गोष्टी पाठ करून पाठवा. केदारकंठाचा माथा ३,८०० मीटरच्या आसपास. आपलं कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर. अडीच हजारांच्या वर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं सुरू झालं तर लपवायचं नाही. मैत्रिणींसमोर कमीपणा नको म्हणून मुली गप्प बसतात, मुलगे त्याहून जास्त गप्प बसतात. डोकं दुखत असताना आणखी वर चढायचं नसतं, आणि तोल जायला लागला तर रात्र असो की पहाट, खाली उतरायचं. दुसरी गोष्ट, तंबूत किंवा बंद खोलीत शेगडी, स्टोव्ह, कोळसा अजिबात नको. थंडीत लोक ऊब म्हणून शेगडी आत घेतात आणि कार्बन मोनॉक्साइडनं झोपेतच जातात. त्याला वास नसतो, कळत नाही. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवायची, एवढं पुरतं.

पाळीचं विचारलं नाहीत, पण मनात असणारच. पाळी आली म्हणून चढता येत नाही असं काही नाही. पॅड जास्तीचे द्यावेत, आणि वापरलेले घट्ट बंद पिशवीत घालून परत आणायचे. बर्फात पुरलेलं एप्रिलमध्ये वर येतं आणि खालचं गाव तेच पाणी पितं. ओले टिश्यू गोठतात, पाकीट रात्री स्लीपिंग बॅगेत घ्यायचं. शौचासाठी रात्री एकटीनं तंबूपासून लांब जायचं नाही, मैत्रिणीला उठवायचं. मैत्रीण कुरकुरली तर कुरकुरू दे.

प्रश्न : कपड्यांवर फार खर्च नको. घरात काय चालेल? — गडहिंग्लज

तुमच्याकडं पावसाळ्याचं सामान चांगलं असणार, तेच काढा. आजरा-गगनबावड्याच्या पावसात टिकलेला रेनकोट आणि पँट बर्फात वरचा थर म्हणून चालते. मधे लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस. पैसे खर्च करायचे ते अंगालगतच्या कपड्यावर: लोकर किंवा पॉलिस्टर. सुती बनियन, सुती मोजे, जीन्स घरी ठेवा. सुती कपडा घाम पितो आणि वाळत नाही. एक गंमत म्हणजे फुटबॉलची पॉलिस्टर जर्सी या कामाला चांगली, आणि ती कोल्हापुरात घरटी एक निघते. वाऱ्याला कमी समजू नका. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असला तर उघड्या कातडीला जवळपास उणे २० सारखं लागतं. कानटोपी, हातमोज्यांचे दोन जोड. बूट मात्र घट्ट नकोत. जाड मोजा घालून बोटं हलली पाहिजेत. मोज्यावर मोजा चढवून बूट आवळला की रक्त पोचत नाही आणि बोटं आधी गारठतात.

प्रश्न : कोल्हापुरात बर्फ नाही. सराव कुठं करू? — कळंबा

जोतिबाला पायऱ्यांनी चढा-उतरा, पाठीवर सहा-सात किलोची सॅक घेऊन. सुट्टीच्या दिवशी पन्हाळ्याच्या तटाखालून कच्च्या वाटेनं फिरा. ओळखीच्या कुणाचं नुकतं नांगरलेलं रान असेल तर मालकाला विचारून त्यात अर्धा तास चाला, गुडघे वर उचलून. नेणार तेच बूट आणि तेच मोजे घालून. मालक हसेल, हसू दे; पेरणी झालेल्या रानात मात्र शिरू नका.